निरोप्याचा धर्म



ज्या गृहस्थांच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे ते आयुष्यभर तारमास्तर होते आणि निवृत्तीनंतर या वाचनालयाची पहिली दोन कपाटे त्यांनी स्वतःच्या पुस्तकांनी भरली, एवढे आपण सर्वजण जाणताच. मला मात्र ते आठवतात ते तारघराच्या लाकडी गजांआड, उजव्या हाताची बोटे मोर्सच्या कळीवर टेकवून बसलेले. त्या कळीची कडकट्ट ऐकण्याच्या ओढीने शाळा सुटल्यावर मी खिडकीशी रेंगाळत असे. गुळाच्या ऐन हंगामात एके दिवशी पेठेतील एक वजनदार अडते तार घेऊन आले. मास्तरांनी शब्द मोजले, हशील घेतले, कागदावर वेळ घातली. तरी शेठ खिडकीवरून हलेनात, कारण दुसऱ्या एका अडत्याची तार आपल्या आधी येऊन पडली आहे हे त्यांनी पाहिले होते. आवाज खाली आणून ते म्हणाले, “मास्तर, माझी आधी धाडा असं मी म्हणत नाही. त्यांची तेवढी दिवेलागणीला गेली तर काय बिघडतं?” मास्तरांनी भिंतीवरील दरांच्या पाटीकडे बोट दाखविले आणि शांतपणे उत्तर दिले, “शेठ, तुमची तार तातडीनं जायला हवी तर दुप्पट हशील भरा. तो दर गावात सगळ्यांना एकच आहे. दुसऱ्याची उशिरा जावी, याचा दर या पाटीवर नाही.”

आज ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झाली आहे, त्याचे सार या एका उत्तरात आहे असे मी मानतो. इंटरनेट ज्यांच्या तारांतून आणि लहरींतून आपल्या घरी येते, त्या कंपन्यांनी त्यावरून जाणाऱ्या मजकुरात आपला आणि परका, श्रीमंत आणि गरीब, आवडता आणि नावडता असा भेद करू नये. कोणाची वाट अडवू नये, कोणाची जाणूनबुजून मंद करू नये आणि पैसे घेऊन कोणास पुढे काढू नये, या तत्त्वास नेट न्यूट्रॅलिटी असे म्हणतात. हे नाव अमेरिकेतील कायद्याचे अध्यापक टिम वू यांनी २००३ साली रूढ केले. आपल्याकडे त्यास कोणी इंटरनेट समानता म्हणतात, कोणी तटस्थता. तटस्थ म्हणजे तटावर उभा राहिलेला; आणि या शब्दाला आपल्या बोलण्यात उदासीनतेची एक छटा चिकटलेली असल्यामुळे, जो कोणाच्याच बाजूने नाही तो कशाचाच नाही, असा समज सहज होतो. परंतु पैलतीरी जाणाऱ्या प्रत्येकाला येईल त्या क्रमाने नावेत घेणारा नावाडी उदासीन नसतो. त्याची निष्ठा उतारूवर नसून उतारावर असते, एवढेच.

हा नियम इंटरनेटच्या रचनेत मुळापासून कसा वसलेला आहे, ते थोडक्यात पाहू. आपण धाडलेला मजकूर, मग ते पत्र असो, चित्र असो वा गाणे असो, लहान लहान पुडक्यांत विभागला जातो. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतील प्रत्येक नाक्यावरचे यंत्र पत्ता वाचून पुडके पुढे रवाना करते. आणि सारी पुडकी पोहोचली की नाही, गहाळ झालेले पुन्हा मागवावे की कसे, याची उठाठेव वाटेने करावयाची नसून दोन्ही टोकांच्या संगणकांनी करावयाची असते. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ साली या पद्धतीचा आराखडा प्रसिद्ध केला आणि १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे त्यावर चालू लागले. शहाणपण टोकांना असावे आणि वाट साधी असावी, हे सूत्र याच काळात साल्ट्झर, रीड आणि क्लार्क या तीन संशोधकांनी एका निबंधात मांडून दाखविले. वरवर पाहता ही निव्वळ अभियंत्यांची सोय. पण तिच्या पोटी एक फार मोठे स्वातंत्र्य जन्मास आले. वाटेला मजकुराचे ज्ञानच नसल्यामुळे, नव्या प्रकारचा मजकूर धाडण्यासाठी वाटेच्या मालकाचा परवाना काढण्याचे कारण उरले नाही. जिनिव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली, तेव्हा त्यांना कोणत्याही दूरध्वनी कंपनीकडे अर्ज करावा लागला नाही. आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती सर्वांना विनामूल्य खुली केली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. पदरच्या वेळातून लेख लिहिणाऱ्या त्या मंडळींपाशी ना भांडवल होते ना वशिला. परंतु त्यांचे पान आणि जगातील सर्वांत धनाढ्य कंपनीचे पान एकाच वाटेने, एकाच नियमाने वाचकाच्या दारी जात होते. ज्या भाषेच्या पाठीशी मोठी बाजारपेठ नाही, तिला या समतेचे मोल इतरांहून अधिक आहे.

हा धर्म इंटरनेटने निर्माण केला असे मात्र नव्हे. आपल्या देशात १८५४ साली टपालाची नवी व्यवस्था झाली, तेव्हा पूर्वी अंतरागणिक आकारले जाणारे हशील जाऊन ठरावीक वजनाच्या पत्रास, ते शेजारच्या गावी जावो की मुलखाच्या दुसऱ्या टोकास, अर्ध्या आण्याचे एकच तिकीट पुरू लागले. अमेरिकेत १८६० साली पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत तार नेण्यासाठी जो कायदा झाला त्यात, सरकारी संदेशांचा अग्रक्रम वगळता, कोणाचाही संदेश आल्या क्रमाने आणि निःपक्षपातीपणे धाडला जावा, अशी स्पष्ट अट होती. पुढे दूरध्वनी आला. कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्रौजर नावाचे अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारे एक व्यावसायिक होते. त्यांची हकिकत अशी सांगतात की, त्यांच्या प्रतिस्पर्ध्याची पत्नी दूरध्वनी केंद्रात जोडणी करून देण्याचे काम करीत असे आणि स्ट्रौजरांना विचारणारे शोकाकुल लोक ती आपल्या पतीकडे जोडून देत असे. ही आख्यायिका शब्दशः खरी असो वा नसो, स्ट्रौजरांनी माणसाच्या हाताशिवाय जोडणी करणारे यंत्र शोधले, १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले आणि त्यावर चालणारे पहिले सार्वजनिक केंद्र पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे सुरू झाले, हा इतिहास आहे. आमच्या गावच्या शेठजींना मास्तरांपासून जे हवे होते, नेमके तेच टाळण्यासाठी एक यंत्र जन्माला आले.

आता या धर्माचा भंग कसा होतो, त्याचे एक उदाहरण जवळून पाहू. २००७ साली अमेरिकेतील कॉमकास्ट या मोठ्या कंपनीच्या काही ग्राहकांच्या ध्यानात आले की, बिटटॉरेंट नावाच्या पद्धतीने केलेली फाइलींची देवघेव मध्येच तुटते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्या वर्षी ऑक्टोबरात याची परीक्षा घेतली आणि परीक्षेसाठी निवडला तो बायबलचा जुना इंग्रजी अनुवाद, म्हणजे ज्याच्या देवघेवीस कोणत्याही कायद्याची हरकत असू शकत नाही असा ग्रंथ. तरीही देवघेव तुटली. कंपनीची यंत्रे दोन्ही बाजूंच्या संगणकांना मध्येच एक पुडके पाठवीत, आणि ते पुडके समोरच्याकडूनच आले आहे असा त्यावर पत्ता असे. त्यातील आशय एवढाच, की मी संभाषण संपवीत आहे. श्रोतेहो, निरोप्याने निरोप उशिरा पोहोचविणे हा प्रमाद आहे, निरोप गिळणे हा अपराध आहे. परंतु ज्याचा निरोप त्याच्याच हस्ताक्षरात खोटी चिठ्ठी लिहून दोघांचे बोलणे तोडणे, यास विश्वासघात याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

अमेरिकेतील नियामक आयोगाने २००८ साली कंपनीस ही पद्धत बंद करण्याचा हुकूम दिला. २०१० साली न्यायालयाने तो रद्द केला. आयोगाने नवे नियम केले. २०१४ च्या जानेवारीत त्यांचा गाभा न्यायालयाने काढून टाकला. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी आयोगाने इंटरनेट सेवेस १९३४ च्या दळणवळण कायद्यातील सार्वजनिक वाहकाचा दर्जा देऊन भक्कम नियम केले. १४ डिसेंबर २०१७ रोजी सत्तांतरानंतरच्या आयोगाने ते मोडीत काढले. २५ एप्रिल २०२४ रोजी ते पुन्हा आले आणि २ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयाने पुन्हा घालविले. २०१५ पासून दोन्ही वेळा नियम करताना आणि एकदा मोडताना मतांची विभागणी तीनास दोन अशीच होती. मधल्या काळात कॅलिफोर्नियासारख्या राज्याने २०१८ साली स्वतःचा कायदा केला म्हणून तेथील नागरिकांना काही आधार उरला. या लंबकाकडे पाहून जो बोध घ्यावयाचा तो मी घेतला आहे. इंटरनेट म्हणजे केवळ वाहतूक की आणखी काही, या व्याख्येच्या एका ओळीवर जर कोट्यवधी लोकांचे स्वातंत्र्य टांगलेले असेल, तर ते स्वातंत्र्य सनदेने मिळालेले नसून मर्जीने मिळालेले आहे.

आपल्या देशाची कहाणी याहून आशादायक आहे, आणि ती आपण विसरत चाललो आहोत म्हणून मी तिच्यापाशी थोडा अधिक वेळ थांबणार आहे. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या संभाषणास वेगळा दर लावण्याचे जाहीर केले आणि लोकक्षोभ होताच ते थोपविले. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ११८ पानांचा एक मसुदा प्रसिद्ध करून २० प्रश्नांवर जनतेची मते मागविली. अशा दस्तऐवजांची उत्तरे एरवी कंपन्यांचे वकील देतात. या वेळी मात्र काही तरुण स्वयंसेवकांनी ती क्लिष्ट भाषा सोपी करून लोकांपुढे ठेवली आणि महिन्याभराच्या आत दहा लाखांहून अधिक ई-पत्रे प्राधिकरणाकडे जाऊन पडली. त्याच एप्रिलमध्ये, ज्या संकेतस्थळांनी पैसे भरावेत त्यांचा वापर ग्राहकास फुकट व्हावा, अशी एअरटेल झिरो नावाची योजना आली. तीत सहभागी होण्याच्या बेतात असलेल्या फ्लिपकार्टने काही दिवसांतच अंग काढून घेतले.

मग आला तो खरा कसोटीचा प्रश्न. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या सहकार्याने फेब्रुवारी २०१५ मध्ये इंटरनेट डॉट ऑर्ग या नावाने आणि पुढे फ्री बेसिक्स या नावाने एक योजना आणली, की जिच्यात निवडक संकेतस्थळे गरिबांना विनामूल्य पाहता यावीत. ज्याच्या घरी काहीच नाही त्याला थोडेतरी मिळत असेल, तर ते नको म्हणणारे तुम्ही पोटभरलेले लोक कोण, असा सवाल तेव्हा विचारला गेला, आणि तो हेटाळणीने उडवून लावण्यासारखा नव्हता. माझ्याही मनाची त्या वेळी चलबिचल झाली, हे मी प्रांजळपणे सांगतो. विकिपीडियासारख्या निरपेक्ष संस्थेनेही काही देशांत २०१२ पासून अशीच विनामूल्य योजना चालविली होती. ज्ञान फुकट मिळण्यात वाईट ते काय, असे कोणासही वाटावे.

परंतु विचार केला असता दिसते ते असे. दान देणाऱ्याने धान्य दिले तर ते दान. पण गावच्या सर्व वाटांना जकात लावून एकट्या आपल्या दुकानाकडे जाणारी वाट मोकळी ठेवली, तर त्यास दान म्हणता येत नाही. त्या योजनेत कोणास प्रवेश द्यावयाचा याच्या अटी एकच कंपनी ठरविणार होती आणि सारी रहदारी तिच्याच यंत्रांतून जाणार होती. उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाने पिकांच्या भावांचे संकेतस्थळ काढले, तर स्ट्रौजरांचा ग्राहक जसा केंद्रातूनच दुसरीकडे वळविला गेला, तसाच त्याचा वाचक त्याच्या दारापर्यंत येण्याआधीच फुकटाच्या वाटेने निघून गेला असता. म्यानमारमध्ये काय झाले ते जगाने पाहिले. तेथे इंटरनेट सामान्य माणसाच्या हाती आले तेच मुख्यतः फेसबुकच्या रूपाने, आणि २०१६ साली तेथे फ्री बेसिक्सही आले; रोहिंग्यांवरील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने २०१८ साली नमूद केले की, तेथील बहुतेक लोकांच्या लेखी फेसबुक हेच इंटरनेट होते आणि द्वेष पसरविणाऱ्यांना ते एक सोयीचे साधन ठरले. तो द्वेष एका योजनेने निर्माण केला असे मी म्हणत नाही. परंतु खोटी बातमी पडताळून पाहण्यासाठी दुसरा दरवाजाच ज्याला ठाऊक नाही, त्याला पहिल्या दरवाजातून येईल ते सत्य मानावे लागते.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निर्णय दिला. मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मज्जाव झाला; भंग करणाऱ्यास प्रत्येक दिवसास ५० हजार रुपये आणि कमाल ५० लाख रुपये दंड ठरला; आणीबाणीच्या सेवांसाठी मात्र सवलतीस मुभा राहिली. तीन दिवसांत फ्री बेसिक्सने भारतातून गाशा गुंडाळला. जुलै २०१८ मध्ये सरकारने पुढचे पाऊल टाकले आणि अडवणूक, मंदगती व पक्षपात यांस बंदी घालणारी तत्त्वे मान्य करून त्याच वर्षी ती परवान्यांच्या अटींत घातली. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवांना त्यात अपवाद आहे, आणि तो रास्तच आहे. आमच्या मास्तरांच्या पाटीवरही तातडीच्या तारेचा दर होताच. परंतु तातडी कोणती हे धाडणारा ठरवीत असे, दर सर्वांस जाहीर होता, आणि त्यापायी साध्या तारा तुंबवून ठेवण्याची कोणास परवानगी नव्हती.

जगात अन्यत्रही हा विचार रुजला आहे. चिलीने २०१० साली सर्वप्रथम असा कायदा केला. नेदरलँड्समध्ये केपीएन या कंपनीने व्हॉट्सॲपच्या वापरास वेगळा आकार लावण्याचा बेत २०११ साली उघड करताच तेथील संसदेने पुढच्याच वर्षी कायदा संमत केला. ब्राझीलच्या अध्यक्षा डिल्मा रुसेफ यांनी २३ एप्रिल २०१४ रोजी इंटरनेटच्या नागरी हक्कांच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. युरोपीय संघाचा नियम २०१५ साली झाला आणि २०२१ च्या सप्टेंबरात तेथील सर्वोच्च न्यायालयाने काही ठरावीक ॲप फुकट देणाऱ्या योजनाही त्या नियमाशी विसंगत ठरविल्या.

तथापि शेठजी खिडकीवरून अजून हललेले नाहीत. आज त्यांची मागणी नव्या वेषात आली आहे. मोठी संकेतस्थळे आमच्या तारांवरून अमाप मजकूर धाडतात, तेव्हा त्यांनी तारांच्या खर्चात न्याय्य वाटा उचलावा, असे दूरसंचार कंपन्या युरोपात म्हणतात आणि आपल्याकडेही म्हणू लागल्या आहेत. ऐकावयास हे रास्त वाटते. पण मजकूर येतो तो ग्राहकाने मागविला म्हणून, आणि त्याचे पैसे ग्राहकाने महिन्याच्या महिन्यास भरलेले असतात. एकाच पत्राचे हशील धाडणाऱ्याकडून आणि घेणाऱ्याकडून असे दोनदा वसूल करण्याची ही युक्ती आहे. दक्षिण कोरियात २०१६ पासून मजकूर धाडणाऱ्या बाजूच्या जाळ्याने पैसे भरावेत असा नियम आहे. तेथील आकार बहुतेक देशांच्या दसपट पडतो असे कारण देऊन ट्विच या प्रक्षेपण-सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या देशातील कारभार बंद केला. ट्विच ही धनाढ्य ॲमेझॉनच्या मालकीची. जेथे तिला परवडले नाही, तेथे कोल्हापूरच्या किंवा मडगावच्या एखाद्या होतकरू मंडळीचा पाड काय लागणार?

आणि निरोप्यावर दबाव आणणारा केवळ सावकारच असतो असेही नाही, सरकारही असते. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले ते १८८५ च्या तार कायद्याखाली केलेल्या नियमांच्या आधारे. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात सांगितले की, इंटरनेटवरील भाषणाचे आणि व्यवसायाचे स्वातंत्र्य संविधानाच्या संरक्षणाखाली येते, अनिश्चित काळाची बंदी चालणार नाही आणि बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत. त्यानंतर मंद गतीचे इंटरनेट सुरू झाले, तेही प्रथम सरकारमान्य संकेतस्थळांच्या यादीपुरते; जानेवारीच्या उत्तरार्धात त्या यादीत ३०१ नावे होती. पूर्ण गती परत यावयास फेब्रुवारी २०२१ उजाडला. सुरक्षिततेचे प्रश्न खरे असतात, हे मी नाकारीत नाही. मला फक्त इतकेच दाखवावयाचे आहे की, कंपनीने गरिबांसाठी काढलेली यादी आणि सरकारने अशांत प्रदेशासाठी काढलेली यादी यांचे हेतू कितीही भिन्न असोत, खिडकीवर उभ्या राहिलेल्या माणसाचा अनुभव एकच असतो: तुझा निरोप कोणाला जाईल हे आम्ही ठरवू.

नेट न्यूट्रॅलिटीने सारे प्रश्न सुटतात असा भ्रम आपण बाळगू नये. धनगरवाड्यावर मनोरा उभा करण्याचे काम ती करीत नाही. वाटेच्या टोकाशी बसलेल्या अवाढव्य संकेतस्थळांची मक्तेदारी मोडण्यास वेगळे कायदे लागतील. ती एवढेच करते की, उद्याच्या एखाद्या अज्ञात माणसास आजच्या बलवानांच्या परवानगीवाचून आपले म्हणणे जगापुढे ठेवता यावे. आणि हे ‘एवढेच’ टिकविण्याची जबाबदारी आपली आहे, कारण आपल्याकडील संरक्षणही एक विनियम आणि परवान्यातील काही कलमे एवढ्यावरच उभे आहे. जे प्राधिकरण नियम करते ते तो बदलूही शकते. पुढच्या वेळी मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा तो कंटाळवाण्या भाषेत असेल, त्यात आकडे असतील, मुदत थोडी असेल. त्या वेळी या वाचनालयात बसून दहा माणसांनी तो वाचावा, न समजलेले एकमेकांस विचारावे आणि आपल्या मराठीत आपले मत लिहून धाडावे, एवढी माझी विनंती आहे. २०१५ साली दहा लाख लोकांनी याहून अधिक काही केले नव्हते.

१४ जुलै २०१३ च्या रात्री आपल्या देशातील तारसेवा संपली. त्यापूर्वी काही वर्षे, मास्तर अगदी थकले असताना, याच वाचनालयाच्या ओसरीवर मी त्यांना त्या दिवसाची आठवण करून दिली आणि कुतूहलाने विचारले की, त्या दोन तारांत असे होते तरी काय? ते बराच वेळ आठवीत राहिले. मग म्हणाले, “गुळाचे भाव असतील. मजकूर काही लक्षात नाही राहिला.” थोडे थांबून त्यांनी पुढे सांगितले, “दुसऱ्या अडत्याची सव्वातीनला आली होती. शेठची साडेतीनला.”